आखात पडद्यावर, गवत्या तलावात

पडद्यावर फिनलंडच्या आखाताचा नकाशा होता आणि भंडाऱ्याच्या हॉलमध्ये आम्ही ढिवर बाया ट्रेनिंगला बसलो होतो. ट्रेनिंग तलावातली मासळी वाढवण्याचं. सर तिकडे जाऊन आले होते, म्हणून आधी ते दाखवत होते.

मी चौथी शिकले, पण समजलं. आखात म्हणजे जमिनीत शिरलेला समुद्र. उत्तरेला फिनलंड, दक्षिणेला एस्टोनिया, टोकाला रशियाचं मोठं शहर. तिथल्या जहाजांना बाहेर पडायला हीच वाट, म्हणून सगळ्यांच्या आरमाराचा तिच्यावर डोळा. हिवाळ्यात वर बर्फ धरतो. नद्यांचं पाणी इतकं येतं की समुद्र असून खारटपणा थोडा. खोलीही कमी. शेतांतलं खत वाहून येतं, उन्हाळ्यात हिरवा तवंग चढतो, तो कुजला की तळाच्या जिवांना श्वास मिळत नाही.

पुढच्या स्लाइडवर सर म्हणाले, तलावात सुपर फॉस्फेट खत टाका आणि गवत्या मासा सोडा. तो सगळी पाणवनस्पती खाऊन तलाव साफ करतो.

माझं डोकं फिरलं. आमच्या गावच्या तलावात ती वनस्पती आम्हीच लावली होती. माजलेली बेशरमाची झुडपं उपटून, उघडा पडलेला तळ नांगरून, चिखलात एकेक काडी. देशी मासे तिच्यातच अंडी घालतात.

मी उभी राहिले. "सर, तिकडं खतानं पाणी मेलं म्हणता, अन् आमाले तेच टाकाले सांगता?"

"मावशी, तो समुद्र आहे. हा तलाव."

"तलाव त लहान. लवकर मरते."

बाया हसल्या. सरांनी चहाचा ब्रेक घेतला.

गावी परतलो तर तलावाच्या पाळीवर मासे आणायच्या प्लास्टिकच्या पिशव्या रिकाम्या पडलेल्या. आम्ही हॉलमध्ये होतो तेव्हाच गावच्या मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षानं, म्हणजे माझ्याच पुतण्यानं, गवत्याची पिल्लं सोडली होती.

"काहून सोडलं रे?"

"गाडी येऊन उभी होती, काकू. वापस कशी धाडू?"

"उद्या हत्ती आणून उभा केला, त गोठ्यात बांधशील का?"

बोटाएवढी पिल्लं आमच्या जाळ्यांतून निसटतात, ती काढता येईनात. त्याच संध्याकाळी बांबू रोवून, गवत्या शिरू नये अशी बारीक जाळी बांधून एक कोपरा वेगळा केला. खताची गाडी आली ती मी पाळीवरूनच परत पाठवली. दिवाळीपर्यंत तलावाचा तळ बोडका झाला. हिरवं उरलं ते त्या कोपऱ्यात, आणि देशी मासेही तिथेच.

आता ट्रेनिंगचं बोलावणं आलं की निम्म्या बाया जातात, निम्म्या पाळीवर राखणीला बसतात. बसणाऱ्यांना सर्टिफिकेट मिळत नाही.