अक्कांची बिननावाची बाळं

चर्चच्या ऑफिसातल्या अक्का मला पंखा लावू देत नाहीत. "पानं उडाली की गेली, अण्णा. तुम्ही काय, घाम पुसाल."

इंग्रजांच्या काळातल्या बाप्तिस्म्याच्या, लग्नांच्या आणि दफनांच्या वह्या त्यांच्या ताब्यात. मी निवृत्त इंजिनियर. दर शनिवारी त्यातली नावं हौसेनं कॉम्प्युटरवर चढवतो. अक्का बेळगावकडच्या. बोलतात मराठीत, रागावतात कन्नडमध्ये.

परवा मी ऐटीत जाहीर केलं, "दफनांची यादी पुरी!" अक्कांनी वहीवर बोट ठेवून ती ताडून पाहिली आणि चष्मा काढला.

"लेकरं कुठं सोडून आलात?"

नाव ठेवण्याआधीच गेलेली बाळं मी गाळली होती. "नावाचा रकाना रिकामा असला की कॉम्प्युटर ओळच घेत नाही," मी म्हणालो. वर शहाणपणा केला, "आणि त्यांना शोधत कोण येणार?"

आता कन्नड सुरू होणार म्हणून मी मान खाली घातली. पण अक्कांनी लग्नांची वही उघडली. दफनाच्या नोंदीत फक्त बाप होता. त्याचं लग्न शोधून त्या आईपाशी पोचल्या.

"लिहा, मार्गारेटचं बाळ."

मी लिहिलं. मग एलिझाबेथचं. तिसऱ्या बाळाच्या बापाचं लग्न मात्र कुठल्याच वहीत सापडेना. अक्कांनी त्या नोंदीवर हात ठेवला.

"लिहा, आमचं बाळ."

कॉम्प्युटरनं ती ओळ मुकाट्यानं घेतली.