पाव फेरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही — तिथे मी दुसरंच काहीतरी मागून मोकळा होतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जीभ जरा तरी उचलतेय. मध्येच भरकटलो तर सांभाळून घ्या. सरळ मुद्द्यावर यायचं माझ्या जिवावर येतं, आणि का येतं ते कळेलच तुम्हाला.

मी पॅडल बनवतो. पिकलबॉलची. टेबल टेनिसच्या बॅटीपेक्षा मोठी, टेनिसच्या रॅकेटपेक्षा छोटी, सपाट, जाळी नसलेली — ती. लोणावळ्यात आता बंगला तिथे कोर्ट झालंय. शनिवार-रविवार पुण्या-मुंबईची माणसं येतात आणि सकाळपासून टॉक-टॉक सुरू. त्याआधी मी अठरा वर्षं फायबरच्या कारखान्यात होतो. बसचे पत्रे, हेल्मेटं, असलं काहीबाही. कापड, ते घट्ट करणारं चिकट रेझिन, ताप आणि दाब, एवढंच मला येतं. एका बंगलेवाल्याने तुटलेलं परदेशी पॅडल दिलं, जोडता येतं का बघा म्हणून. मी ते करवतीने उभं कापलं. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी प्लास्टिकची जाळी, दोन्ही अंगांना कार्बनचं कापड. म्हटलं, हात्तिच्या, एवढंच? पुढचं वर्षभर त्या 'एवढंच'ने माझं नाक जमिनीला घासलं.

भानगड कडेची होती. चेंडू मध्यावर बसला तर झकास जातो. कडेला बसला की मरतो, आणि हाताला झिणझिणी येते ती वेगळीच. चांगलं पॅडल म्हणजे काय, तर कडेनेही मध्यासारखंच उत्तर दिलं पाहिजे. त्यासाठी जाळीच्या भोवतीने फोमची पट्टी भरायची आणि सगळं एकदम गरम साच्यात दाबायचं. पण साचा मिटताना मुठीच्या वर, पॅडलच्या गळ्याशी, ती पट्टी सरकायची. तिनातलं एक पॅडल भंगारात.

तोड काढली शालनमावशीने.

ती परंदवडीची. माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी असेल, पण माझ्या पॅडलच्या शेडमध्ये सगळेच तिला मावशी म्हणायचे. आली होती झाडलोट आणि पॅकिंगला. नवरा टेम्पोवर, घरी एक मुलगी. वर्षभरात कापड कापणं, रेझिन लावणं, साचा भरणं, सगळं तिच्या हाती गेलं, कारण तसा हात दुसऱ्या कुणाचाच नव्हता. मी डोकं धरून बसलेला बघून म्हणाली, "करंजीची कड दाबल्याबिगर कुनी तळाय टाकतं का, भाऊ?" आणि साचा मिटत येताना तिने ती पट्टी बोटांनी दाबून धरली. पार शेवटपर्यंत. मग हात काढला. ते पॅडल मी लोणावळ्याला नेलं, तर तो बंगलेवाला पोरासारखा कडेने मारून बघत बसला.

आता प्रेसचं, म्हणजे साचा दाबणाऱ्या मशीनचं सांगतो. त्याला दोन हिरवी बटनं असतात, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही दाबली तरच वरचा साचा खाली येतो. का? तर दोन्ही हात बटनांवर अडकलेले असले म्हणजे आत कुणाचा हात राहणार नाही. पण मावशीला तर एक हात आत हवा होता. मी मुठीच्या लाकडाचा एक तुकडा तासला आणि डाव्या बटनात पाचर ठोकली, म्हणजे ते कायम दाबलेलंच. प्रेस जुना, भंगारातून उचललेला, त्याला काय कळतंय. मावशी उजव्या हाताने बटन दाबायची, डाव्याने पट्टी. पाचर सगळ्यांना दिसत होती. ती लपवलेली गोष्ट नव्हे. लपवलेली वेगळी आहे.

अहो, बघा ना, अजून तिथवर पोचलोच नाही मी.

मावशीच्या अंगात त्या प्रेसची चाल बसली होती. ती साच्याकडे बघायचीसुद्धा नाही. ओठातल्या ओठात पाच मोजायची आणि पाचाला हात बाहेर. तीन महिने, रोज, एकदाही चूक नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं आणि मशिनी पुजतात. पुजलेली मशीन मग दसऱ्यापर्यंत चालवत नाहीत, तिला विसावा द्यायचा. त्या सकाळी आम्ही शेड धुतली. मावशीने प्रेसला झेंडूचा हार घातला, हळदी-कुंकवाची बोटं लावली. बटनांना, साच्याला, मागच्या व्हॉल्व्हलासुद्धा. नारळ फुटला, पेढे वाटले, माणसं घरी निघाली. मावशीपण निघाली होती. दारापाशी घुटमळत होती, काहीतरी सांगायचं होतं तिला. मी तिला बोलूच दिलं नाही. लोणावळ्याच्या एका बंगला-सोसायटीची दसऱ्याला स्पर्धा होती, चोवीस पॅडलं द्यायची होती आणि सहा राहिली होती. म्हटलं, "मावशी, सहाच. तासाभरात मोकळे होऊ." दत्ता म्हणून माझा कामगार आहे, तो तोंड वाकडं करून बाहेर खोकी भरायला गेला. मावशी उभी राहिली, मग गुमान तिने प्रेसवरचा हार काढला.

आणि मी मागे जाऊन व्हॉल्व्ह फिरवला.

तो साच्याचा वेग ठरवतो. पाव फेरा उघडला की साचा भराभर खाली येतो. सहा पॅडलांमागे किती वेळ वाचणार होता? हिशेब लावला तर मिनिटभरसुद्धा नाही. खरं तर वेळ गरम होण्यात आणि निवण्यात जातो, साचा मिटण्यात नाही. हे मला ठाऊक होतं. अठरा वर्षं काढलेल्या माणसाला ठाऊक नसेल? तरी फिरवला. माणूस घाईत असला की काहीतरी फिरवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

मावशीला सांगितलं नाही. विसरलो असं म्हणता आलं असतं. विसरलो नव्हतो. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग मला दोनदा रिकामा चालवून बघू द्या. आणि तेवढा धीर मला नव्हता.

ती पाच मोजत होती. साचा तिनाला मिटला.

ओरडली नाही ती. मी पॉलिशच्या टेबलापाशी होतो, आधी फक्त झेंडूची टोपली पडल्याचा आवाज आला. धावलो, साचा वर घेतला. मावशी हात छातीशी धरून खाली बसली. बाकीचं सांगत नाही. साचा किती गरम असतो ते मला माहीत आहे, आणि तुम्हाला कळून उपयोग नाही. डाव्या हाताची तीन बोटं गेली.

पण त्याच्या मधलं एक राहिलं. साचा वर घेतल्यावर मी तिच्याकडे गेलो का? सगळे समजतात, गेलो. दत्ता आत आला तेव्हा मी ओला टॉवेल तिच्या हाताला गुंडाळत होतो, हे त्याने बघितलं. त्याने न बघितलेलं हे — मी आधी प्रेसच्या मागे गेलो. गुडघ्यावर बसलो. व्हॉल्व्हवरचं कुंकवाचं बोट तिरकं झालं होतं. मी व्हॉल्व्ह पाव फेरा उलटा फिरवून ते बोट पुन्हा सरळ केलं. मग तिच्याकडे वळलो. किती वेळ गेला असेल? तीन-चार सेकंद. ती खाली बसून माझ्याकडे बघत होती, पण तिला काही दिसत नसावं.

दवाखान्यात नर्स म्हणाली, तुम्हालाही लागलंय का? माझ्या बोटाला कुंकू होतं.

गावात दुसऱ्याच दिवशी निकाल लागला. खंडेनवमीला मशीन चालवली, दुसरं काय होणार? मीही मान खाली घालून म्हणायचो, चुकलंच माझं, सणाची मशीन चालवायला नको होती. किती सोयीची चूक बघा. देवाजवळ नारळ फोडून फिटणारी. दवाखान्याचं मीच बघितलं, तर उलट नाव झालं माझं. सज्जन माणूस म्हणे.

महिनाभराने मावशीच्या घरी गेलो. तिने मुलीला, प्राजक्ताला, चहा टाकायला आत पिटाळलं. मग खाली बघत, अगदी हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, येक इचारू का? कुनाला बोलले न्हाई मी. पूजा झाली आन् मला महिन्याची अडचन आली. मी घरी जानार व्हते. तुमी सहाच म्हनला, मंग त्याच हातानी हार काढला मशिनीचा. रोज हात निघतो, त्याच दिशी कसा न्हाई निघाला? त्याच्यामुळंच झालं आसंल ना?"

काय म्हणालो मी? बाईमाणसाने मान खाली घालून विचारलं होतं. नवऱ्याला न सांगितलेली गोष्ट मला सांगितली होती. मी म्हणायला हवं होतं, नाही मावशी, मशीनला असलं काही कळत नाही. पण मग तिने विचारलं असतं, मग कशामुळं? तो प्रश्न तिच्या ओठावर यायच्या आत मला तो बंद करायचा होता.

"असेल, मावशी," मी म्हणालो.

तिने मान हलवली. चहा आला. मी तो प्यायलो, बशीत ओतून, सावकाश.

त्याच आठवड्यात मी साच्याला स्टीलचा एक चिमटा बसवला. तो पट्टी धरून ठेवतो आणि साचा मिटत आला की आपोआप मागे सरतो. हात घालायची गरजच नाही. पाचर काढून टाकली. तो चिमटा बनवायला मला किती वेळ लागला, विचारा. एक दुपार. आज लोक माझ्या पॅडलच्या कडेची तारीफ करतात. हे डोकं तुम्हाला सुचलं कसं, म्हणून विचारतात. मी हसतो.

इथेच संपलं असतं तर बहुधा हे सांगितलंही नसतं, इतका मी कोडगा आहे. पण प्राजक्ता आयटीआयला गेली. मशिनिस्टच्या कोर्सला, तीस पोरांत एकटी मुलगी. हात आईचाच. आणि दर महिन्याला चार दिवस आई तिला घरात बसवायला लागली. मशीनला शिवायचं नाही म्हणजे नाही. पोरगी रडली, भांडली, तिने उपाशी राहून बघितलं. मावशी नुसता डावा हात पदराबाहेर काढून तिच्यापुढे धरायची. त्या हातापुढे कोण वाद घालणार?

हजेरी कमी पडली, परीक्षेला बसू देईनात. तेव्हा प्राजक्ता माझ्याकडे आली होती. शेडच्या दारात उभी राहून म्हणाली, "काका, आई फक्त तुमचं ऐकंल. तिला एवढंच सांगा, की तसं काही नसतं."

मी म्हटलं, बोलतो. त्या संध्याकाळी परंदवडीच्या फाट्यापर्यंत गेलो. गाडी बंद केली, पंधरा मिनिटं बसलो आणि माघारी आलो. हे तीन वेळा झालं. मग प्राजक्तानेच विचारायचं सोडून दिलं, आणि आयटीआयही सोडली.

आता ती माझ्याकडेच पॅकिंगला आहे. पॅडल पुसते, पिशवीत घालते, चिकटपट्टी मारते. प्रेसच्या बाजूला फिरकतसुद्धा नाही, तिच्या आईने माझ्याकडून तसा शब्द घेतलाय. महिन्याचे चार दिवस ती येत नाही. मी ते भरपगारी धरतो. शेडमधल्या बाया म्हणतात, असा समजूतदार मालक शोधून सापडायचा नाही. मावशीने दिवाळीला एका हाताने लाटलेल्या करंज्या पाठवल्या होत्या. मी खाल्ल्या.

सोमवारपासून प्राजक्ता आलेली नाही. उद्या येईल, खाली मान घालून, आईने शिकवल्यासारखी. मी तिला म्हणेन, ये गं, बस.

व्हॉल्व्ह मी फिरवला होता. पाव फेरा. शालनमावशीच्या हातात त्या दिवशी कसलाही विटाळ नव्हता, आणि हे तिला अजूनही माहीत नाही.