आळेफाट्यावरची मुलाखत

"बसा पावणं. आधी सांगा, रान कसलं हाय?"

नर्सरीच्या फाटकातून कुणीही आत आलं की ताईंचा पहिला प्रश्न हा. बोरी बुद्रुकजवळच्या त्या टोमॅटोच्या नर्सरीत मी बुकिंगचे फोन घ्यायचो आणि ताई ट्रेमध्ये बी लावायच्या. गिऱ्हाइकांशी बोलणं हे त्यांचं कामच नव्हतं. तरी शेतकरी माझं टेबल ओलांडून थेट त्यांच्याकडे जायचे. एकाला तर त्यांनी रोपं न देताच परत धाडलं. "पाणी पुरायचं न्हाई तुमचं. म्हैन्यानं या." मालक चिडले. महिन्याने तो माणूस दोन भाऊबंदांना घेऊन आला.

तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल. दोन मिनिटं बोललं की घरातलं ठरत आलेलं लग्नसुद्धा आपण त्याला सांगून मोकळे होतो.

एकदा मोबाइलवर जाहिरात आली. पिकांचं टॉनिक विकणाऱ्या एका कंपनीला गावोगाव फिरणारे विक्री प्रतिनिधी हवे होते. मी फॉर्म भरताना ताई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, माझाबी भरा. लई दिसाचं मनात हाय."

मुलाखत आळेफाट्याच्या एका हॉटेलात, वरच्या हॉलमध्ये होती. वेळ दहाची, कंपनीचे साहेब आले दीड वाजता. तोवर ताईंनी सगळा हॉल आपलासा केला होता. कुणाची मावशी कुठल्या गावची, कुणाची शेळी आजारी, सगळं त्यांना ठाऊक झालं. वेटर न मागता चहा ठेवून गेला.

माझी मुलाखत दोन मिनिटांत उरकली. पदवी आहे? आहे. गाडी चालवता येते? येते. घाम पुसत मी बाहेर आलो. मग ताई आत गेल्या. दार उघडंच होतं.

"शिक्षण?"

"नववी."

साहेबांनी मोबाइलमधून मान वर केली नाही. "मावशी, हे बाहेर फिरायचं काम आहे. लोकांशी बोलता आलं पाहिजे."

"त्येच तर म्हणते साहेब, मला..."

साहेबांनी पुढचं नाव पुकारलं.

निवड माझी झाली. परतीच्या एसटीत ताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून पार चुरगाळलं. उतरताना मात्र हसल्या. "भाऊ, पेढं इसरू नका."

पहिल्याच आठवड्यात मी तळेघरच्या एका भातशेतकऱ्यापुढे कंपनीने पाठ करून घेतलेलं बोलत उभा होतो. तो विळ्याला धार लावत राहिला. शेवटी मी ताईंना फोन लावला.

"द्या त्यांच्याकडं," ताई म्हणाल्या.

दहा मिनिटं ते नाचणीवर आणि जावयावर बोलले. मग त्याने दोन बाटल्या घेतल्या. पुढच्या शेतावर पुन्हा फोन. या वेळी ताईंनी मलाच दटावलं, "भाऊ, त्यांनी आत्ता कुठं भात लावलंय. रुजू द्या की!" ती विक्री गेली. पण त्याच शेतकऱ्याने पुढे आख्खी वाडी माझ्याकडे पाठवली.

साहेब मला शाबासकी द्यायचे. तीन महिने मी ती घेतली, मग घेववेना. नोकरी सोडून मी नर्सरीत परतलो आणि मालकांना सगळं सांगितलं. ते खूप हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताईंना बोलावलं. "उद्यापासून गावोगाव जाऊन बुकिंग तुम्ही आणायचं. पगार वाढवून देतो."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "पर भाऊ, मला बोलाया जमंल का?"

साहेबांचं ते वाक्य त्यांना किती खोल लागलं होतं, ते मला त्या वेळी कळलं. मी म्हटलं, "ताई, तुमचं तर गप्प बसायचंच वांधं हाय राव!" तेव्हा कुठे त्या खळखळून हसल्या.

आता ताई नर्सरीत सापडत नाहीत. परवा मंचरला जाताना रस्त्याखालच्या बांधावर दिसल्या. भोवती चार बाया, मांडीवर कुणाचं तरी तान्हं. मी एसटीच्या खिडकीतून जोरात हाक मारली, "ओ ताई!" तीन बायांनी वळून पाहिलं. ताई तेवढ्या वळल्या नाहीत. शेजारची म्हातारी काहीतरी सांगत होती, आणि त्या ऐकत होत्या.