अंगी लागणं

काळ्या रेडकाची मान मी काखेत घट्ट धरली आणि डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली. मांसासाठी वाढवलेल्या रेडकांपैकी कमी खाऊन जास्त भरणारं कोणतं, ते रक्तातल्या प्रथिनांवरून कळतं का, हे त्या तपासत होत्या.

"याच्या अंगी लागत नसलं तर?" मी विचारलं.

"कमी खाऊन भरणारं निघालं तर पैदाशीला ठेवू, मावशी. नाहीतर खाटकाकडे."

नळी रक्ताने भरत गेली. खाणं आपल्या हाती. ते अंगी लागणं कुणाच्या हाती असतं?

सोडताच रेडकू गव्हाणीकडे धावलं आणि अधाशासारखं खाऊ लागलं. रोज त्याला "खा रे बाबा" म्हणून विनवणारी मी. आज त्याच्या तोंडापुढची वैरण मागे ओढावीशी वाटली.