तामाल कुणाच्या चुलीवर

दोन्या कूका, आमची कूकाबाई, त्या घरात राहत होती तोवर ते घर जुनाट होतं. जिन्याला ओल, नळाला दिवसाआड पाणी, खिडकी ओढली की मूठ हातात. कूका निघाली आणि महिना उलटायच्या आत तेच घर इंटरनेटवर "अस्सल मेक्सिकन, जुन्या काळाची ऊब असलेलं" झालं. ओल तीच होती, फक्त आता तिचा फोटो निघाला होता.

महामारीत आमच्या शहराकडे कुत्रं फिरकत नव्हतं, तेव्हा सगळ्यांनी गळा काढला होता, की देवा, परदेशी पाहुणे परत येऊ देत. देवाने ऐकलं. देव आमचं ऐकतो हो, पण अर्धंच ऐकून उठतो. पाहुणे आले ते हॉटेलात राहीनात. त्यांना आमच्यासारखं राहायचं होतं, आमच्या गल्लीत, आमच्या चुलीपाशी. आणि जागा तेवढीच, मग आम्ही कुठे जायचं? हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण तो विचारणं पाहुण्यांच्या तोंडावर बरं दिसत नाही.

सांता मारिया मोहल्ल्यातली कूकाची इमारत तीन मजली. ती तिथे लग्न होऊन आली, तिथेच विधवा झाली, आणि खिडकीशी मशीन लावून मोहल्ल्यातल्या पोरींचे पंधराव्या वाढदिवसाचे घेरदार झगे शिवत राहिली. म्हातारा मालक वारला. त्याच्या मुलांनी बापाचा फोटो भिंतीवरून काढला नव्हता तोच इमारत एका कंपनीला विकली. कंपनीने देखरेखीला माणूस ठेवला उरिएल. हा उरिएल त्याच जिन्यात शेंबूड पुसत वाढलेला, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन्या चेलाचा मुलगा. आता त्याच्या कार्डावर "यजमान" असं छापलेलं होतं. घर कंपनीचं, सामान भाडेकरूंचं आणि यजमान हा! आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो असा कार्ड छापून येतो.

एकेक बिऱ्हाड उठलं. उरिएलने स्वतःच्या आईलाही उठवलं, तेवढा निःपक्षपाती होता बिचारा. शेवटी उरले दोघं, कूका आणि तळमजल्यावरचा निवृत्त बसड्रायव्हर नाबोर.

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, उरिएल भलामोठा गोल गोड पाव घेऊन कूकाच्या दारात उभा राहिला. दुसऱ्या हातात घर सोडायची नोटीस. आधी पाव पुढे केला. आमच्याकडे वाईट बातमी उपाशीपोटी देत नाहीत, संस्कार आहेत.

"कंपनीकडून भेट, मावशी."

"अरे वा, कंपनीलाही सण कळतात? ये, बस. नाबोर, या हो वर! फुकटचं आहे!"

या पावात बाळ येशूची बोटभर बाहुली लपवलेली असते. ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्याने दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या दिवशी, सगळ्यांना तामाल, म्हणजे मक्याच्या पानात बांधून वाफवलेल्या पिठाच्या पुरचुंड्या, खाऊ घालायचे. म्हणून जो तो बाहुलीला भितो. नाबोर तर अट्टल! एका वर्षी त्याने बाहुली गालात धरली आणि कॉफी पिऊन, रामराम करून घरी गेला. यंदा बाहुली कूकाच्या सुरीला लागली. तिलाही लपवता आली असती, नोटीस टेबलावर पडलेलीच होती. पण तिने बाहुली पुसली आणि बशीच्या कडेला सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

"आली माझ्या गळ्यात. दोन तारखेला या. आणि उरिएल, सगळ्या बिऱ्हाडांना सांग. पांगली असली म्हणून काय झालं, इमारतीचीच आहेत."

उरिएलने कपाळ चोळलं. "मावशी, वीस तारखेला घर सोडायचंय. एकतीसपर्यंत रंग, आणि एक तारखेपासून घर पाहुण्यांना लागतंय."

"मग पाहुणे दोन दिवस पुढे ढकल."

"माझ्या हातात असतं तर..."

"तुझ्या हातात काय आहे रे? पाव होता, तोही खाऊन झाला."

"भाचीकडे करा ना तामाल. तामाल ते तामाल."

"बाहुली कुठे निघाली? या टेबलावर. मग जेवणही याच टेबलावर. तुझी आईच सांगायची हे, तू विसरला असशील." कूका टेबल पुसू लागली. त्या चुलीवर तिने सासूच्या हाताखाली पहिले तामाल बांधले होते. ते घर जाणार हे तिला मागच्या वर्षीच कळलं होतं. पण दिलेला शब्द मोडून, तोंड लपवून जाणं तिला सोसणार नव्हतं. नवऱ्याच्या आजारपणात याच बिऱ्हाडांनी तिला ताट वाढलं होतं.

वीस तारखेला ती गेली. भाची येसेनिआ शहराबाहेर एकातेपेकला एका खोलीत राहायची. तिथे शिवणयंत्र मावेना, ते मागेच राहिलं. कूका आठवडाभर खाटेवर बसून होती. जेवायची नाही, भांडायचीही नाही, आणि ती भांडत नाही म्हटल्यावर भाचीला धडकी भरली.

एका दुपारी येसेनिआने मोबाईल पुढे केला. "मावशी, हे बघ. तुझं स्वयंपाकघर."

"ईऽऽ! माझ्या मशीनवर निवडुंगाची कुंडी?"

"ऐक ना. दोन तारीख मोकळी आहे."

"कुणासाठी मोकळी?"

"जो बुक करेल त्याच्यासाठी. तू कर."

कूका कितीतरी दिवसांनी खदखदून हसली. "माझं घर मी भाड्याने घेऊ? एका रात्रीसाठी? अगं, लोक वेड्यात काढतील!" आणि हसता हसता तिने बोटातली अंगठी काढून मोडायला म्हणून येसेनिआच्या हातावर ठेवली.

दोन तारखेला कूका येसेनिआला घेऊन पाहुणी म्हणून आपल्या घरात शिरली. किल्ली नव्हती, दारावर आकडे दाबायचे होते. भिंतीवर चौकटीत नियम: समारंभ नको, मोठा आवाज नको, उग्र वासाचा स्वयंपाक नको, दोनपेक्षा जास्त माणसं नकोत. कूकाने नियम भक्तिभावाने वाचले, चौकट भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि डुकराची चरबी फेटायला घेतली.

दुपारपर्यंत सगळी बिऱ्हाडं आली, कुणी दोन बस बदलून, कुणी तीन. दोन्या चेला मक्याच्या गरम पेजेचं भांडं कुशीत धरून आली. खुर्च्या दोनच, त्याही काचेच्या, म्हणून सगळे जमिनीवर आणि जिन्यात बसले. मोठ्या हंड्यात तामाल वाफेला लागले, मक्याच्या पानांचा वास तीन मजले भरून राहिला, आणि शेजारच्या खोलीतल्या कुणा पाहुण्याने फोन केला असणार, कारण उरिएल धापा टाकत आला.

"हे काय चाललंय? आत्ताच्या आत्ता..."

"हळू!" सगळे एका सुरात ओरडले. चेलाने तर मुलाच्या तोंडावर हातच ठेवला. "हंडा चुलीवर आहे, गाढवा! रागावलास तर कच्चे राहतील!"

हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. तामाल शिजत असताना घरात कुणी चिडलं की ते जन्मात शिजत नाहीत. कंपनीच्या नियमांत हे नव्हतं, पण उरिएल कंपनीत जन्मला नव्हता. बिचारा दारात दात आवळून हसत उभा राहिला, अगदी गोड आवाजात म्हणाला, "मावशी, माझी नोकरी जाईल हो," आणि कूकाही तितक्याच गोड आवाजात म्हणाली, "जाईल रे राजा, आमची घरं गेली तशीच जाईल. बस." तासभर त्या घरात कुणी कुणाला वाकडा शब्द बोललं नाही. नाबोरने गाणं म्हटलं. शेजारचा पाहुणा, एक उंच कॅनेडियन, तक्रार करायला आला आणि बशी धरून जिन्यात बसला. तामाल उतरले ते लोण्यासारखे मऊ.

उरिएलने चार खाल्ले. बोटं चाटताना त्याला कल्पना सुचली.

"मावशी! दर शनिवारी या. पाहुण्यांना तामाल शिकवायचे. हाच हंडा, हीच चूल, याच गोष्टी. लोकांना असलंच काहीतरी खरंखुरं हवं असतं. कंपनी चांगलं देईल. घर तुमचंच समजा!"

चेलाने मुलाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

कूकाने हात ॲप्रनला पुसले. "शनिवारी दिवसभर मी इथली?"

"हो! दिवसभर."

"आणि संध्याकाळी शिकवून झालं की झोपू कुठे?"

उरिएल गोंधळला. "झोपायला? रात्री पाहुणे असतात ना, मावशी."

"हो की. असतातच," कूका म्हणाली आणि त्याच्या बशीत पाचवा तामाल वाढला. नाबोरने तिचा चेहरा पाहिला आणि उगाच पाणी मागितलं.

त्या रात्री ती तिथेच झोपली. पैसे भरले होते. सकाळी तिने चादरी घड्या केल्या, फरशी पुसली, चूल घासली, भाडोत्री घरात कुणी करत नाही इतक्या निगुतीने, आणि नियमाप्रमाणे अकराला बाहेर पडली. मागे दार आपोआप बंद झालं.

एकातेपेकच्या बसमध्ये येसेनिआचा मोबाईल वाजला. "मावशी, कंपनी विचारतेय, घर कसं होतं? पाचपैकी किती तारे देऊ? एकच देते, चांगली अद्दल घडेल."

कूका खिडकीतून बघत होती. रडत होती ती, आणि लपवतही नव्हती.

"पाच दे," ती म्हणाली. "घराचा काय दोष?"