झांज अकरापर्यंत

पोंभुर्ण्याच्या आरामशीनवर देवाजी बुरांडेच्या कानाला जो मान होता, तो मालकाच्या सहीलाही नसेल. जंगलखात्याच्या डेपोत सागवानाचा लिलाव असला की मशीनचा मालक मुखरूभाऊ त्याला जीपमध्ये आपल्या शेजारी बसवून न्यायचा. ओंडक्याच्या एका टोकाला कोणीतरी कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोका द्यायचा आणि देवाजी दुसऱ्या टोकाला कान लावून डोळे मिटायचा. भरीव लाकूड टणकन निरोप पोचवतं. पोकळ लाकूड तो मधेच गिळतं.

"घ्या," तो म्हणायचा. नाहीतर, "याच्यात माती आहे, मुखरूभाऊ. दुसऱ्याले घेऊ द्या."

दुसरा घ्यायचा, चिरायचा, आणि आतून वाळवीचं घर भसकन पायावर पडायचं.

मशीनवरची बाकी माणसं कानात कापसाचे बोळे घालून काम करत. देवाजी त्यांना हसायचा. "लाकडात खिळा असला तर पातं आधी मले सांगते. कान झाकून मी काय नाकानं ऐकू?" बावीस वर्षं तो त्या किंचाळत्या पात्याशेजारी उघड्या कानांनी उभा राहिला.

असल्या कानाला घरी साधा रेडिओ कसा पुरणार? नव्वद साली त्यानं टेप आणला. त्याच्या गावच्या भजनी मंडळाची एक कॅसेट होती. तिच्यात गजर संपताना मोठी झांज एकदाच वाजायची आणि तिचा आवाज बारीक होत होत विरून जायचा. देवाजी बोटं दुमडत मोजायचा. टेपवर झांज सहापर्यंत टिकली.

"खरी झांज अकरापर्यंत जाते," तो बायकोला, वच्छलाला म्हणाला. "मी तिथी बसलो होतो. पाच आकडे या डबड्यानं खाल्ले."

ते पाच आकडे परत मिळवण्यात देवाजीचं आयुष्य गेलं, आणि त्याच्या मागे बसून वच्छलाचं.

चंद्रपूरच्या नूर मोहम्मदच्या दुकानातून डेक आला, अ‍ॅम्प्लिफायर आला. झांज सातवर गेली. मग देवाजीनं बाजारचे खोके फेकून सागवानाच्या फळ्यांचे स्वतः खोके बनवले, सांध्यात केस जाणार नाही असे. नऊ. मग त्याचं लक्ष खोलीकडे गेलं.

"सिमिटाच्या भिंती आवाज माघारी फेकून राह्यल्या," तो म्हणाला. "भिंतीले कपडे घालावे लागतीन."

वरच्या पत्र्याखाली बांबूची तट्टी ठोकली. एका भिंतीला बारदान, दुसरीला धाब्यावरून आणलेले अंड्यांचे पुठ्ठे. तिसऱ्या भिंतीला जाड काही मिळेना, तेव्हा त्यानं पेटीतून वच्छलाची गोधडी काढली. तिच्या आईनं मरायच्या आधी आपल्या लुगड्यांची शिवलेली. देवाजीनं तिच्यात अठरा खिळे मारले.

"अवो, बांधा तरी. खिळे काऊन?"

"बांधली तर हालन."

झांज दहावर गेली. दर रविवारी सकाळी नऊला दार लावून तो स्पीकरांसमोर खुर्चीत बसायचा, वच्छला आणि पोरगी दिव्यानी मागे सतरंजीवर. त्यांनी यायचं, कारण रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. आणि हलायचं नाही. दिव्यानी पाच वर्षांची असताना पौषातल्या एका रविवारी तिला खोकल्याची उबळ आली. देवाजीनं तिला दंडाला धरून गोठ्यात नेऊन बसवलं. "म्हशीजवळ खोकल. तिले झांज ऐकाची नाई."

अकरावा आकडा कुठे अडला होता, ते त्याला एका रविवारी कळलं. तो खुर्चीतून हळूच वळला.

"बांगड्या काढ."

"काय?"

"वाजतात. झांज सरता सरता तुया बांगड्या मधात येतात. काढ."

वच्छला त्याच्याकडे बघत राहिली. मग एकेक करून तिनं बांगड्या उतरवल्या आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या. त्या दिवशी झांज अकरापर्यंत गेली. देवाजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हापासून दर रविवारी डबा. शेजारची रुखमाबाई एकदा साखर मागायला आली आणि तिचे हात बघून दारातच थबकली.

"माय वो, वच्छला. भाऊ तर आता डेक पुसताना दिसले मले. जिते आहेत ना?"

"आहेत."

"मंग हात?"

"त्याइले चालत नाई."

"बाकीच्या नवरा मेल्यावर काढतात," रुखमाबाई म्हणाली. "तुया नवऱ्यानं हप्त्याची सोय केली."

असं पाच-सहा वर्षं चाललं. मग देवाजी म्हणू लागला, "खोली पुन्हा आवाज खाऊन राह्यली." झांज दहावर आली, मग आठवर. टेप जिथे घासते ते डेकचं हेड त्यानं रोज स्पिरिटनं पुसलं. तारा बदलल्या. पण झांज काही चढेना.

दोन हजार साली नागपंचमीच्या आधी रुखमाबाईनं वच्छलाला ओढून कासाराकडे नेलं आणि दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या चढवल्या. कासारानं इतक्या घट्ट बसवल्या की रविवारी सकाळी साबण लावूनही एकही निघेना. नऊ वाजले. वच्छला हात पदरात गुंडाळून, श्वास धरून मागे बसली. गजर संपला, झांज वाजली, आणि दिव्यानीचा धक्का लागून वच्छलाचा हात सतरंजीवरून फरशीवर पडला. खळ्ळकन आवाज झाला.

देवाजी वळला नाही.

"पाच," तो म्हणाला. "कुठी मुरते हा आवाज?"

वच्छलानं हात उचलला. बघू तर खरं, म्हणून मुद्दाम हलवला. मग दोन्ही हलवले, सुपात तांदूळ पाखडावे तसे. देवाजी स्पीकरकडे कान करून बसलेला.

बारा वर्षांच्या दिव्यानीनं आईकडे पाहिलं. मग बापाच्या पाठीकडे बघून साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुमच्या मिशा उंदरानं खाल्ल्या."

"बेस ठीक आहे," देवाजी म्हणाला. "बारीक आवाजच दबून राह्यला."

दोघी तोंडात पदर आणि ओढणी कोंबून हसल्या. किती वर्षांनी त्या खोलीत कोणी हसलं.

त्याला सांगावं असं वच्छलाच्या मनात आलं नाही असं नाही. त्याच संध्याकाळी भाकरी वाढताना तोंडाशी आलं होतं. मग समोरच्या भिंतीवर आईच्या लुगड्यात गंजलेले अठरा खिळे दिसले, आणि राहून गेलं. पुढे त्या राहून जाण्याची तिला गोडी लागली. भाजीत मीठ कमी म्हटलं की ती पाठीमागून म्हणायची, "खा मुकाट्यानं, बहिऱ्या." त्याच्या पाठीला तिनं तीन वर्षं जेवढं सुनावलं, तेवढं तोंडाला आयुष्यात कधी सुनावलं नव्हतं.

देवाजीनं भिंती उघड्या केल्या. बारदान गेलं, पुठ्ठे गेले. गोधडी त्यानं खिळ्यांसकट ओढली, ती चिंध्या होऊनच हातात आली. "घे तुयी गोधडी. हिनंच खाल्ला सारा आवाज." तिचं पोतेरंही झालं नसतं.

भिंतींना गुळगुळीत गिलावा केला, तरी झांज चारच्या वर जाईना. तेव्हा त्यानं नूर मोहम्मदला निरोप धाडला की सगळ्यात महागडे ट्विटर, बारीक आवाजाचे ते वाटीएवढे स्पीकर, घेऊन स्वतःच ये. नूर मोहम्मद दुपारच्या बसनं पिशवी घेऊन आला. देवाजीनं आधी जुना आवाज ऐकवायला कॅसेट लावली, तसा नूर मोहम्मद दोन्ही कानांवर हात ठेवून उठला आणि त्यानंच बटण बंद केलं.

"देवाजीभाऊ, ट्रेबल पुरा चढवून ठेवला तुमी. गल्लीतलं कुत्रं पळालं."

"मले तर दबलेला लागते."

नूर मोहम्मदनं वच्छलाकडे पाहिलं. ती आपल्या पायाच्या बोटांकडे बघत होती.

"भाऊ, बुरा नका मानू," तो मोठ्यानं, सावकाश म्हणाला. "माया अब्बाचं असंच झालतं. पत्र्याच्या पेट्या ठोकायचे. डेकले काई नाई झालं. एक डाव नागपूरले जाऊन कान दाखवा. ट्विटर मी वापस नेतो."

देवाजी हळूहळू लाल झाला.

"या कानावर मुखरूभाऊनं दोन मजले चढवले, नूरभाई. तुया अब्बाचं मले सांगू नको. त्याले पत्रे ठोकायचे होते, मले ऐकाचं होतं. तुयाकडं चांगला माल नाई, तसं सांग."

"चांगला आहे म्हणून तर नाई विकत."

"चार वाजताची बस भेटन तुले."

नूर मोहम्मद पिशवी उचलून बाहेर आला. अंगणात वच्छला उभी होती.

"भाभी, तुमाले ठाऊक आहे."

"आहे."

"मंग सांगा ना त्याइले. लाकडाचा सौदा आहे त्याइच्या कानावर. एक दिवस मोठा धोका होईन."

"तुमी सांगितलं ना आता," वच्छला म्हणाली. "काय झालं?"

नूर मोहम्मदनं पिशवी खांद्याला लावली. तो पुन्हा त्या घरी आला नाही. ट्विटर देवाजीनं नागपूरहून आणले.

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात डेपोत जुन्या, जाड सागाचा लिलाव निघाला. मुखरूभाऊनं त्याच्यावर सगळी भिस्त ठेवली होती. सकाळी जीप दारात आली तेव्हा वच्छला डबा बांधत होती. वरणभात, जवसाची चटणी. देवाजीनं आरशात टोपी नीट केली. तिनं डब्याला रुमालाची गाठ मारली, मग दुसरी मारली. एवढ्या वेळात चार वाक्यं बोलून झाली असती. तिनं डबा त्याच्या हातात दिला.

संध्याकाळी तो खुशीत आला. "नऊ ओंडके. नऊही मी घ्या म्हणलो."

शनिवारी ते चिरले. देवाजी त्या दिवशी तार आणायला चंद्रपूरला गेला होता. नऊपैकी सहा आतून मातीचे निघाले.

रविवारी नऊ वाजता मुखरूभाऊ दोन माणसं घेऊन देवाजीच्या दारात उभा. जीपमधून उतरून तो कधीच घरी आला नव्हता. देवाजीची धांदल उडाली. "या, या मुखरूभाऊ. बरोबर टाइमावर आले. बसा, ऐका." मालकाला मागे खाटेवर बसवून त्यानं कॅसेट लावली आणि स्पीकरांकडे तोंड करून स्वतः खुर्चीत बसला.

मुखरूभाऊ त्याच्या पाठीकडे बघत राहिला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "देवाजी, तुया लाकडातून माती निघाली."

देवाजी मान डोलवत होता.

"उद्यापासून मशीनवर येऊ नको."

झांज वाजली. देवाजीनं हात वर करून सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. "तीन," तो म्हणाला. "पण साफ आहे. नाई?"

आधी दोन माणसं हसली, मग मुखरूभाऊलाही हसू आवरेना. देवाजी वळला. हलणारी पोटं, उघडी तोंडं. त्यानं वच्छलाकडे पाहिलं.

"काय म्हणते मुखरूभाऊ?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. वच्छला नवऱ्यासमोर आली, तोंड त्याच्या तोंडासमोर धरून मोठ्यानं बोलली, प्रत्येक शब्द त्याला पोचेल असं.

"म्हणतात, असा आवाज साऱ्या पोंभुर्ण्यात कोणापाशी नाई."

देवाजी लाजला. मुखरूभाऊचं हसू थांबलं. चपला घालताना त्यानं त्या बाईकडे एकदा वळून पाहिलं आणि तो भरभर निघून गेला.

सोमवारी तिनं डबा बांधला. देवाजी टोपी घालून मशीनवर गेला. दहाच्या आत माघारी आला, डबा तसाच भरलेला. मशीनवर साऱ्यांसमोर मुखरूभाऊनं त्याच्या कानात ओरडून सांगितलं होतं, दोनदा. काल तुया घरीच सांगितलं होतं, हेही सांगितलं होतं.

तो ओट्यावर बसला. "कवापासून ठाऊक होतं तुले?"

"या बांगड्या चढवल्या तवापासून," वच्छला चुलीकडे तोंड करून म्हणाली.

"काय?"

 डबा उघडून तिनं भात म्हशीला घातला.

आठवडाभर देवाजी ओट्यावरच बसून होता. रविवारी नऊला मात्र उठला, दार लावलं, खुर्चीत बसला. वच्छला मागे येऊन बसली. त्या दिवशी कोणी न सांगता तिनं बांगड्या उतरवल्या होत्या; तीन वर्षांत हात वाळून त्या सैल झाल्या होत्या. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत मोकळे, मांडीवर.

गजर संपला. झांज वाजली. देवाजी बोटं दुमडत मोठ्यानं मोजू लागला. तीन झाले, चार झाले. तो थांबला नाही. सात. नऊ. अकरा. मग मान न वळवता म्हणाला,

"अकरा गेली. पण बांगड्या काढ. वाजून राह्यल्या."

वच्छलानं आपल्या मोकळ्या हातांकडे पाहिलं. ती उठली, बिस्किटाचा डबा उघडला आणि होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या बांगड्या दोन्ही हातांत चढवल्या. खळखळत परत आली, खळखळत सतरंजीवर बसली.

"हां," देवाजी म्हणाला. "आता ठीक आहे."