दुसऱ्याची पिशवी आणि सहा पद्मिनी

जायचं ठरलं ते दत्तोबांच्या फोनवर. "अण्णा, चालू झाली," एवढंच बोलले आणि पुढे फोनमध्ये नुसता इंजिनाचा आवाज. मी भोसरीत चहाचा कप हातात धरून तो आवाज दोन मिनिटं ऐकत बसलो. आमच्या मंगलला वाटलं, कुणी गेलं की काय. म्हटलं, गेलं नाही, परत आलं.

दत्तोबा म्हणजे आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे शेतकरी. त्यांची जुनी पद्मिनी मोटार शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी होती. कोंबड्यांनी मागच्या सीटवर संसार थाटलेला. गेली तीन वर्षं आम्ही सगळे मिळून तिला उठवत होतो. आम्ही म्हणजे सहा पद्मिनीवाले. दुसरी गाडी फुकट दिली तरी नको म्हणणारे. स्टेअरिंगच्या दांड्यावरचा गिअर वर-खाली करताना हाताला जे सुख मिळतं ते नव्या गाडीत नाही, यावर आमचं एकमत. बाकी कशावरच नाही.

या सहा जणांत एक रीत आहे, ती आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. या गाडीचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. म्हणून प्रवासाला निघताना प्रत्येकाने एकेक भाग कापडी पिशवीत घालून डिकीत ठेवायचा, आणि तो स्वतःसाठी नाही, दुसऱ्याच्या गाडीसाठी. आपली बंद पडली तर दुसऱ्याकडे मागायचं. आम्ही तिला 'दुसऱ्याची पिशवी'च म्हणतो. यासीनभाईंकडे इंजिनातल्या पेट्रोल पंपाचा पडदा, ओतूरच्या दोघा भावांकडे पट्टा आणि पॉइंट, दत्तोबांकडे प्लग, सुशीलाबाईंकडे टोचनचा, म्हणजे बंद गाडी ओढायचा दोर, आणि माझ्याकडे रोटर. रोटर म्हणजे बाटलीच्या बुचाएवढी वस्तू. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली गरगर फिरते आणि चारही प्लगना ठिणगी वाटते. बाकी काही बिघडलं तर तारेने, साबणाने वेळ मारून नेता येते. रोटरला जुगाड नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी माझी गाडी खोकायला लागली. उघडून बघतो तर रोटरला केसाएवढी चीर. दुकानं बंद झालेली. मी पिशवीतला कोरा रोटर काढला, माझ्या गाडीला बसवला आणि चिरलेला पिशवीत टाकला. दोन मिनिटांचं काम.

मंगल दारातच उभी होती. "दुसऱ्याच्या पिशवीतलं काढताय होय?"

"परत आलो की नवीन आणून टाकतो. दोन दिवसांत कुणाचा रोटर जातोय?"

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. ती असं म्हणते तेव्हा तिला सगळं कळलेलं असतं.

पहिला दिवस : महाळुंगे पडवळ ते मढ

सकाळी सहाला भोसरी सोडली. तुम्ही जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा : सातच्या आत चाकण मागे टाका, नाहीतर ट्रकांच्या मागे बसून पोहे थंड होतात. मंचरला मिसळ आणि चहा, दोघांचं दीडशेच्या आसपास. तिथून कळंबवरून महाळुंगे पडवळ.

दत्तोबांच्या अंगणात पाचही गाड्या आधीच हजर. जुन्नरचे यासीनभाई तर उलटा प्रवास करून आलेले. जुन्नरच्या बाजारपेठेत त्यांचं पत्र्याच्या कामाचं दुकान आहे. दत्तोबांच्या गाडीचे चारही दरवाजे खालून सडले होते, ते त्यांनी हाताने ठोकून नवे केले. मोतिया रंगात गाडी अशी दिसत होती की हात लावायच्या आधी माणूस हात धोतराला पुसेल.

दत्तोबांच्या बायकोने, हिरावहिनींनी, नारळ फोडला. तेवढ्यात त्यांचा मुलगा विलास शेतातून आला. शेती तोच बघतो, कष्टाळू पोरगा.

"आबा, सगळ्यांसमोर सांगतो, म्हंजी परत बोलणं नको. तीन वर्सं ट्रॅक्टर पावसात भिजतोय आन् ही शेडमधी. आता दोन दिस फिरून सोताच्या पायावर घरी आली, तर शेड तिची. टोचन लावून आली, तर भंगारवाल्याला फोन मी करनार."

दत्तोबा उपरणं झटकत म्हणाले, "कबूल."

"आबा, घाईनं न्हाई सांगायचं."

"कबूल म्हनलं ना लेका. बस गं तू," ते वहिनींना म्हणाले आणि किल्ली फिरवली. एका फेऱ्यात चालू.

नारायणगावपर्यंत हायवे, मग डावीकडे जुन्नर. सहा पद्मिनी एका रांगेत, पन्नासच्या वर कुणी नाही. मोटारसायकलवाले शेजारी येऊन फोटो काढत होते. एका टोमॅटोच्या पिकअपवाल्याने खिडकीतून विचारलं, "काय राव, लगीन हाय का कुनाचं?" सुशीलाबाई नारायणगावच्या निवृत्त मुख्याध्यापिका, चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "माझं. उशीर झालाय, रस्ता दे."

जुन्नरला यासीनभाईंच्या घरी जेवण. त्यांच्या घरच्यांनी बिर्याणी केली होती आणि माळकरी दत्तोबांसाठी शेजारच्या घरातून मासवडी आणि बाजरीची भाकरी आणवलेली. पाहुण्यांना सांगतो, मासवडीत मासा शोधू नका. बेसनाच्या पोटात तीळ-खोबऱ्याचं सारण, आणि वर झणझणीत रस्सा. दत्तोबांच्या कपाळावर घाम आणि तोंडावर हसू.

"यासीनभाई, दाराचं काम लई ग्वाड झालं बगा."

"दार उघडताना मला इचारायचं," यासीनभाई म्हणाले. "माझं निम्मं वय गेलंय त्या दारात."

दुपारी मढचा रस्ता धरला. पाऊस सरून महिना झालेला, भात कापून झालेला, खाचरांत नुसती धसकटं आणि मधूनच झोडणीचा आवाज. पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी दिसायला लागलं की गाडी आपोआप हळू होते. मढला ओळखीच्या घरी उतरलो. डोंगरातली माणसं, भात-नाचणी करणारी. सहाच्या आत पोहोचलो ते बरं केलं. या भागात अंधार पडल्यावर उसाकडेला गाडी थांबवून फोटो काढू नका, बिबट्याला फोटोची आवड नाही. नव्या तांदळाचा भात, नाचणीची भाकरी, पिठलं. घरमालकांनी पैसे घेतले नाहीत. दत्तोबांच्या गाडीतून वाडीपर्यंत एक चक्कर मात्र मागून घेतली.

दुसरा दिवस : भीमाशंकर, आणि माझी फजिती

पहाटेच्या थंडीत सहाही गाड्या पहिल्या दमात चालू झाल्या, आणि मी मनात म्हटलं, जिंकलो. जुन्नरवरून घोडेगाव, मग डिंभे धरणाच्या कडेकडेने चढ. सोमवार आणि सुट्ट्या टाळा, गाडी लांब लावावी लागते. पायऱ्या पुष्कळ आहेत, पण उतरताना कळत नाही. चढताना गुडघे नावानिशी ओळख करून देतात. मंगलला झाडावर शेकरू दिसलं, मला फक्त हललेली फांदी. हिरावहिनींनी देवाकडे काय मागितलं ते विचारावं लागलं नाही. बाहेर आल्या आणि आधी गाडीच्या बॉनेटला कुंकू लावलं.

परतीला तळेघर सोडलं आणि डिंभ्याच्या अलीकडे एका वळणावर दत्तोबांच्या गाडीने दोन आचके दिले. मग गप्प.

आम्ही सगळे उतरलो. यासीनभाईंनी बॉनेट उघडलं. पेट्रोल येतंय. पट्टा ठीक. टोपण काढलं आणि त्यांनी 'च्च' केलं. "रोटर गेला. मधोमध फुटलाय."

"हात्तिच्या," ओतूरचा थोरला म्हणाला. "अण्णांकडं हाय की."

सगळ्यांच्या तोंडावर सुटकेचं हसू. दत्तोबा माझ्याकडे असे बघत होते, जसा तहानलेला माणूस घरच्या माठाकडे बघतो. मी डिकी उघडली. पिशवी हातात घेतली तेव्हा मंगल शेजारूनच माझ्याकडे बघत होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी रोटर यासीनभाईंच्या हातावर ठेवला. आयुष्यभर पत्र्यावर फिरलेली बोटं ती. नखाला चीर लागलीच. त्यांनी लगेच मूठ मिटली आणि मोठ्याने म्हणाले, "जरा पाणी आना रं कुनीतरी, इंजिन तापलंय." ओतूरचे दोघे गेले. मग माझ्या कानाशी, "अण्णा, कोरा तुमच्या गाडीत हाय ना? मी गुपचूप बदलतो. कुनाला कळायचं नाय."

भला माणूस. माझी लाज मुठीत धरून उभा होता. पण माझी गाडी आता वाटेत बंद पडणार हे उघड होतं, आणि मग काय, रोटरवाल्याचाच रोटर गेला म्हणून आणखी एक थाप मारायची? साठी उलटल्यावर थापाही लक्षात राहत नाहीत.

"थांबा," मी म्हटलं. "दत्तोबा, तुमचा रोटर माझ्या गाडीत आहे. परवा माझा चिरला, तर पिशवीतला काढून मी माझ्यालाच लावला. तुमच्यासाठी चिरलेला आणला."

सुशीलाबाईंनी चष्मा काढून पुसला. शाळेत असत्या तर मला बाकावर उभं केलं असतं.

दत्तोबांनी फुटलेला रोटर हातात घेऊन बघितला. मग म्हणाले, "अण्णा, मी बी केलं असतं." तो खिशात टाकत, "पर मंग तसली पिशवी घिऊन मी निघालोच नसतो."

हे लागलं. लागायलाच हवं होतं.

माझ्या गाडीतला कोरा रोटर यासीनभाईंनी दत्तोबांच्या गाडीला बसवला. एका फेऱ्यात चालू. चिरलेला माझ्या गाडीला. चालू झाली, पण म्हाताऱ्याला उचकी लागावी तशी. उतार होता म्हणून घोडेगावपर्यंत रेटली. सगळे माझ्या मागेपुढे, एकानेही मला सोडून पुढे गाडी काढली नाही. प्रत्येक आचक्याला मंगल डॅशबोर्डवर थोपटायची, "चल बाई, यांचं पाप तू नको मनाला लावून घेऊ."

महाळुंगे पडवळ तीनेक किलोमीटर राहिलं आणि माझी गाडी पुरती बसली.

सुशीलाबाईंनी डिकीतून दोर काढला. ओतूरच्या धाकट्याने आपली गाडी पुढे घेतली. तेवढ्यात दत्तोबा खाली उतरले. "तू सर. अण्णांना मी वढनार."

"दत्तोबा, नको," मी म्हटलं. "नुकतीच उठलीय ती. ताण पडला आणि बंद पडली तर विलास..."

"पडली तर पडली. तुमी तुमचा रोटर काडून दिलाय, मी दोर बी लावू नको?"

दोर बांधला. मी स्टेअरिंगवर, पाय ब्रेकवर, आणि समोर ती मोतिया गाडी. क्लचचा वास येत होता. गावाबाहेरच्या शेवटच्या चढाला ती इतकी हळू झाली की शेजारून शेळ्या पुढे गेल्या. मी उभ्या आयुष्यात स्वतःच्या गाडीसाठी इतके देव आठवले नव्हते.

विलास अंगणाच्या तोंडाशी उभा. ऊन उतरतीचं, डोळ्यांवर येणारं. त्याला आधी दोरच दिसला.

"आली का टोचन लावून?"

दत्तोबांनी गाडी अंगणात घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन चालूच ठेवलं आणि उतरून मागे बोट केलं. "नीट बग. कोन कुनाला वढतंय?"

विलास दोराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. मला बघितलं. परत आला. बॉनेटवर तळहात ठेवून तो थरथरता पत्रा जरा वेळ तसाच दाबून धरला.

"शेडमधी घ्या मागं," तो म्हणाला. "आन् अण्णांची बी घ्या आत. ट्रॅक्टर ऱ्हाऊ दे अजून चार दिस भायेर."

हिरावहिनी पदर तोंडाला लावून घरात गेल्या. चहा येईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

घरी

भोसरीला आम्ही एसटीने आलो. चार दिवसांनी रोटर मिळाला. एक नाही, दोन घेतले. महाळुंग्याला जाऊन गाडी आणली. विलासने तिच्यावर ताडपत्री घातली होती, कोंबड्यांपासून.

जुन्नर-आंबेगाव दोन दिवसांत होतं का, असं विचाराल तर होतं. रस्ते बरे आहेत, जेवण उत्तम, पेट्रोल मंचर किंवा जुन्नरलाच भरून घ्या. गाडी कुठलीही चालेल. सोबतची माणसं मात्र निवडून घ्या. मला वाटायचं, आम्हाला ही गाडी एकत्र बांधते. डिंभ्याच्या वळणावर कळलं की गाडी निमित्त आहे, बांधते ती पिशवी. आणि मी तिचीच गाठ सोडली होती.

आमच्या लोकांनी शिक्षाही केली. बाईंनी ग्रुपवर लिहिलं, शाळेच्या नोटिशीसारखं : रोटर यापुढे दत्तोबांकडे, दोर वर्षभर अण्णांकडे. मी दोनांतला उरलेला रोटर दत्तोबांना पाठवून दिला आणि बाईंकडून आलेला दोर डिकीत नीट गुंडाळून ठेवला.

मंगल दारातच उभी होती. तिने दोराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे बरं झालं," ती म्हणाली. "दोर काही स्वतःच्या गाडीला लावून स्वतःला ओढता येत नाही."